अंतकाळीची सोबत

(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात भोकर येथे दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या चिटणीसांनी मला ह्या व्याख्यानासाठी विचारले, तेव्हा ‘आरोग्यावर काहीतरी बोला’ एवढेच त्यांनी सांगितले होते. मी विषय कळविला तेव्हा ते क्षणभर स्तब्ध राहिले. ज्या मांडवात सकाळी गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार झाला आणि दुपारी वधूवर-परिचय व्हावयाचा आहे, त्याच मांडवात मरणाऱ्या माणसाविषयी बोलणे कितपत शोभेल, अशी शंका त्यांस येणे स्वाभाविक होते. तथापि त्यांनी आडकाठी केली नाही, ह्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

मी धीर केला तो एका आधारावर. आपल्या धर्मात पाच सूतके मानीत नाहीत आणि त्या पाचांत मृताचे सूतक एक आहे. बसवेश्वरांच्या काळापासून चालत आलेली ही शिकवण आहे. मरणाला आपण मरण असेसुद्धा म्हणत नाही; लिंगैक्य म्हणतो. (व्यवहारात आपण शेजाऱ्यापाजाऱ्यांचे पाहून पुष्कळ सूतके पाळू लागलो आहो, तो विषय निराळा, त्यावर स्वामीजींनी बोलावे, मी नव्हे.) ज्या समाजाला मृताचा विटाळ नाही, त्याला मरणाऱ्याची भीती का वाटावी, हा प्रश्न मला पुष्कळ वर्षे पडलेला आहे. मी परिचारिका होते. तीस वर्षांच्या नोकरीत किती माणसे डोळ्यांदेखत गेली, त्याची मोजदाद मी ठेवली नाही. परंतु त्यांतील किती माणसे एकटी गेली, हे मात्र मनात राहिले आहे.

आपल्याकडे एखादा वृद्ध लिंगैक्य झाला की काय होते ते आपण सर्व जाणता. घटकाभरात गल्ली भरते. उमरी, मुदखेड, हिमायतनगरपासून माणसे निघतात. जंगम येतात, विभूती लागते, भजनी मंडळ टाळ घेऊन बसते, फुलांचे विमान सजते आणि त्यात त्या माणसास बसवून आपण मोठ्या सन्मानाने नेतो. समाधीला माती देण्यास दोनदोनशे हात पुढे होतात. हे सर्व चांगले आहे. परंतु त्याच माणसाच्या आधीच्या दोन महिन्यांकडे पाहा. तेव्हा खाटेपाशी कोण होते? बहुधा एक सून. तीही दिवसभराच्या कामातून उसंत मिळेल तेवढीच. भेटीस येणारे येत, केळी-संत्री ठेवीत, ‘काही होत नाही, बरे वाटेल’ असे म्हणत आणि चहा घेऊन निघून जात. शेवटच्या श्वासानंतर दोनशे माणसे आणि शेवटच्या श्वासापूर्वी एक, हा हिशेब मला नेहमीच उलटा वाटत आला आहे.

पूर्वी असे नव्हते, असे सरसकट मी म्हणणार नाही. पूर्वी औषध नव्हते, वेदनेवर इलाज नव्हता आणि माणसे तळमळून मरत. परंतु एक गोष्ट होती. आमच्या गल्लीत एक विधवा बाई होत्या. त्या कोणाच्या आत्या होत्या हे कोणास ठाऊक नव्हते. सारी गल्ली त्यांना आत्याबाई म्हणे. अक्षरओळख नव्हती. कोणाच्या घरी माणूस ‘आता काही खरे नाही’ अशा अवस्थेला आला की त्यांना निरोप जाई. त्या येत त्या पितळेचा गडू आणि धुतलेल्या कापसाचा बोळा घेऊन. उशाशी बसत. ओठ कोरडे पडले की बोळा भिजवून ओठांवरून फिरवीत. तोंडात पाणी ओतू देत नसत. दर दोन-तीन तासांनी कूस बदलीत. पायांस हात लावून पाहत आणि पाय गार पडू लागले की घरच्या कर्त्यास हळूच बाहेर बोलावून सांगत, “लेकींना निरोप धाडा. सकाळची गाडी धरू द्या, उद्यावर नका ढकलू.” आत मुलांना येऊ देत, पण एकेकटे. अंगणात जमिनीच्या वाटणीवरून आवाज चढला, तर उठून जाऊन त्या मोठ्या मोठ्यांना गप्प बसवीत. मी दहा-अकरा वर्षांची असताना आमच्या आजीच्या वेळी हे पाहिले. आई आजीला बळेच पेज भरवू लागली, तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, “माय, आता नको भरवू. त्यांचं पोट आता मागत नाही. हात धरून बस नुसती.” पुढे परिचर्येच्या अभ्यासक्रमात जे मला पुस्तकांतून शिकविले गेले, त्यातील अर्धेअधिक मी त्या दिवशी चुलीजवळ उभी राहून पाहिलेले होते.

आत्याबाई गेल्या आणि त्यांच्या जागी दुसरी कोणी बसली नाही. ह्यात कोणाचा दोष काढण्यात अर्थ नाही. मुले पुण्यास आणि हैदराबादेस गेली. घरे लहान झाली. मरण घरातून उठून दवाखान्यात गेले. भोकरहून नांदेड पन्नासएक किलोमीटर, त्यामुळे अत्यवस्थ माणसास प्रथम गाडीत घालणे हेच आता कर्तव्य समजले जाते. बरा होण्याजोगा आजार असेल तर ते कर्तव्यच आहे. तेथे क्षणाचाही विलंब करू नये. माझे बोलणे त्या माणसाविषयी आहे, ज्याच्या बाबतीत डॉक्टरांनीही आता हात टेकले आहेत.

आता थोडे दूरच्या देशांत जाऊ. ग्रीक भाषेत ‘डूला’ असा एक शब्द आहे. त्याचा अर्थ दासी. डेना राफेल नावाच्या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९७३ साली आपल्या ग्रंथात हा शब्द बाळंतिणीच्या सोबतिणीसाठी वापरला. ही सोबतीण म्हणजे सुईण नव्हे. सुईण मूल सोडविते. डूला नुसती बाळंतिणीजवळ असते, तिला धीर देते, तिची पाठ चोळते, तिच्या वतीने दोन शब्द बोलते. पुढे न्यूयॉर्कमधील हेन्री फेर्स्को-वाइस नावाच्या एका समाजसेवकाच्या मनात आले की, जगात येणाऱ्याच्या वेळी अशी सोबत असते, तर जाणाऱ्याच्या वेळी का नसावी? २००३ साली त्यांनी स्वयंसेवकांना तसे शिक्षण देण्यास आरंभ केला आणि २०१५ साली ह्या कामासाठी एक आंतरराष्ट्रीय संस्था उभी राहिली. आज अमेरिका, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया अशा देशांत ‘अंतकाळच्या डूला’ म्हणून शेकडो स्त्रीपुरुष हे काम करतात. कोणी मोबदला घेऊन, कोणी विनामोबदला.

त्या काय करतात? औषध देत नाहीत, इंजेक्शन देत नाहीत. माणूस बोलता-चालता असतानाच त्याच्याकडे जाऊ लागतात. त्याला काय हवे, काय नको, कोणाला भेटावयाचे आहे, कोणाची क्षमा मागावयाची आहे, हे ऐकून घेतात. शेवटचे दिवस आले की पाळीपाळीने रात्रंदिवस जवळ बसतात, म्हणजे घरच्यांना चार तास झोप मिळते. माणूस गेल्यावर काही आठवड्यांनी पुन्हा त्या घरी जातात आणि मागे राहिलेल्यांना बोलते करतात. आमच्या आत्याबाईंनी ह्याहून वेगळे काय केले होते? फरक इतकाच की तिकडे त्याचे शिक्षण देतात, वही ठेवतात आणि ह्या कामाला नाव आहे.

हा शब्द मी प्रथम ऐकला तेव्हा मला आपल्या ‘दासोह’ शब्दाची आठवण झाली. दासोहम्, मी दास आहे. शरणांनी कायकाच्या जोडीला दासोह ठेवला. आपण त्याचा अर्थ अन्नदानापुरता धरून ठेवला आहे. यात्रेत, जयंतीला पंक्ती उठतात आणि आपला दासोह पूर्ण होतो. जो आता जेवूच शकत नाही, त्याच्या वाट्याला आपल्या दासोहातून काय यावे?

ह्या विचाराचे मूळ ज्या बाईंपाशी जाते, त्यांचे नाव आपणांस सांगितलेच पाहिजे. डॉ. सिसिली सॉन्डर्स. त्या प्रथम परिचारिका होत्या. पाठीच्या दुखण्यामुळे ते काम सोडून त्या रुग्णालयातील समाजसेविका झाल्या. तेथे त्यांना डेव्हिड तास्मा नावाचा एक पोलिश ज्यू निर्वासित भेटला. वॉर्सा सोडून आलेला, लंडनमध्ये आप्तइष्ट नसलेला, कर्करोगाने मरणोन्मुख. १९४८ साली तो वारला. त्या दोघांत पुष्कळ बोलणे होई ते एकाच गोष्टीविषयी, की अशा माणसांसाठी एखादे घर असावयास हवे. जाताना त्याने त्या घराच्या एका खिडकीसाठी म्हणून पाचशे पौंड सॉन्डर्सबाईंना ठेवले. वेदनेविषयी आपले म्हणणे डॉक्टर मंडळींनी ऐकावे, एवढ्यासाठी बाईंनी वयाच्या तिशीनंतर वैद्यकीचा अभ्यास केला आणि १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस उघडले. खिडकीपासून घरापर्यंत १९ वर्षे लागली. मरणाऱ्याची वेदना एकट्या शरीराची नसते, मनाची, नात्यांची, पैशाची आणि श्रद्धेची वेदना तिच्यात मिसळलेली असते, असे त्या शिकवीत. हे मला माझ्या नोकरीत रोज दिसे. औषधाने न थांबलेले कण्हणे रुसलेला भाऊ दारात आला की थांबे.

आपल्या देशातही हे काम झालेले आहे. मदर तेरेसांनी १९५२ साली कलकत्त्यास कालीघाटाजवळ रस्त्यावर मरणाऱ्यांसाठी घर उघडले. मुंबईत वांद्र्यास डॉ. डिसोझा ह्यांनी १९८६ साली ‘शांती आवेदना सदन’ काढले. भारतातील पहिले हॉस्पिस ते. पुण्यास वारजे येथे १९९७ पासून कर्करोग्यांसाठी उपशामक सेवेचे केंद्र आहे. परंतु मला विशेष सांगावयाचे आहे ते केरळाविषयी. तेथे १९९३ साली कोझिकोड येथे डॉ. राजगोपाल, डॉ. सुरेशकुमार आणि त्यांचे सहकारी ह्यांनी एका लहानशा संस्थेचा आरंभ केला. थोड्याच वर्षांत त्यांच्या लक्षात आले की, डॉक्टर कितीही झाले तरी गावोगावच्या खाटांपाशी पुरे पडणार नाहीत. म्हणून त्यांनी शेजाऱ्यांना शिकविले. दुकानदार, शिक्षक, विद्यार्थी, शेतमजूर, गृहिणी अशी माणसे आठवड्यातून काही तास देऊ लागली, घरोघर जाऊ लागली. लोकांच्या लहान लहान वर्गणीतून औषधे आणि गाडीखर्च भागू लागला. २००८ साली केरळ सरकारने ह्या सेवेचे धोरण जाहीर केले. असे धोरण करणारे ते देशातील पहिले राज्य. आपल्याहून ते धनवान आहेत म्हणून हे झाले, असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. जयंतीच्या मिरवणुकीस आपण जो खर्च करतो, त्याचा आकडा ह्याच स्मरणिकेच्या जमाखर्चात छापलेला असतो, तो पाहावा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ५ कोटी ६८ लाख माणसांना अशा उपशामक सेवेची गरज असते आणि त्यांपैकी सुमारे १४ टक्क्यांनाच ती मिळते. उरलेल्यांत आपण आहो.

आता जे सांगणार आहे ते सांगावे की नाही, ह्याचा मी पुष्कळ विचार केला. माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणत असू, २००९ साली यकृताच्या कर्करोगाने गेले. त्यांना आम्ही एका मोठ्या शहरातील मोठ्या रुग्णालयात नेले. नाव सांगत नाही, कारण तेथील माणसांचा दोष नव्हता. ते आपल्या नियमाप्रमाणे वागले. अकरा दिवस आप्पा अतिदक्षता विभागात होते. सकाळी दहा मिनिटे, संध्याकाळी दहा मिनिटे, एका वेळी एकाने भेटावे असा नियम होता. नळी ओढतील म्हणून हात बांधलेले. घशात नळी, त्यामुळे बोलणे बंद. पहिल्या दिवशीच एका सेविकेने माझ्या भावाच्या हाती प्लॅस्टिकची एक पिशवी आणून दिली. तिच्यात आप्पांचा चष्मा होता, कवळी होती आणि त्यांचे इष्टलिंग होते.

येथे बसलेल्यांना ह्याचा अर्थ सांगावयास नको. बालपणी गुरूने दिल्यापासून ज्या माणसाने ते एक घटकाही अंगावेगळे केले नव्हते, तो अकरा दिवस त्यावाचून पडून होता. माझा दादा ती पिशवी उराशी धरून बाहेरच्या बाकड्यावर झोपे. तिसऱ्या दिवशी मला कळून चुकले होते की आप्पा परत येणार नाहीत. मी परिचारिका, आकडे मला वाचता येत होते. परंतु मी बोलले नाही. ‘मुलगी म्हणाली म्हणून बापाला सोडले’ असे नातलग म्हणतील, ह्या भयाने मी गप्प राहिले आणि दादाने एक एकर रान गहाण टाकले. अकराव्या दिवशी पहाटे आम्हाला आत बोलाविले ते सह्या करण्यासाठी.

त्या बाकड्यावर आमच्याजवळ एखादी आत्याबाई असती तर काय झाले असते? आप्पा वाचले नसते. पण तिने डॉक्टरांना विचारले असते की, ते लिंग निर्जंतुक पिशवीत घालून मनगटाशी बांधता येईल का. मला खात्री आहे, डॉक्टर ‘हो’ म्हणाले असते. आम्हाला विचारण्याचेच सुचले नाही. तिने दादाला बाजूला घेऊन म्हटले असते, ‘घरी नेऊ या का?’ आणि तो प्रश्न मुलीच्या तोंडून न येता तिच्या तोंडून आला असता, म्हणजे कोणाला कोणाचे तोंड चुकवावे लागले नसते.

ह्यानंतर मी निवृत्त झाले आणि बोलावतील त्या घरी जाऊन बसू लागले. जे शिकले त्यातील थोडे सांगते. ते उपयोगी पडेल.

माणूस जाऊ लागला की त्याची भूक प्रथम जाते. ह्याचा घरच्यांना सर्वांत त्रास होतो. ‘उपाशी कसे ठेवावे?’ म्हणून बळेच भरवितात. अन्न श्वासनलिकेत जाते आणि ठसका लागून माणूस हैराण होतो. तो न खाल्ल्याने मरत नसतो. मरू लागला म्हणून खात नसतो. सलाईन लावा असा आग्रह धरणारेही पुष्कळ. शेवटच्या दिवसांत शरीराला ते पाणी पेलत नाही. पाय सुजतात, छातीत पाणी भरते. ओठ आणि जीभ ओली ठेवणे, हे त्याहून मोठे काम आहे. मग झोप वाढते. हातपाय गार पडतात, त्यांवर निळसर चट्टे उमटतात. श्वास कधी जलद, कधी बराच वेळ थांबून पुन्हा सुरू होतो. घशात घरघर लागते. ही घरघर ऐकून घरच्यांचे काळीज फाटते; पण तो माणूस त्या वेळी बहुधा शुद्धीत नसतो आणि गुदमरत नसतो. कुशीवर वळविले, उशी उंच केली की ती पुष्कळ कमी होते. हे कोणी आधी सांगितले असेल, तर घाबरून रात्री दोन वाजता गाडी करून नांदेडला धावण्याची पाळी येत नाही आणि वाटेत, मुदखेडच्या अलीकडे, गाडीतच प्राण जात नाही. असे किती जणांचे झाले आहे ते ह्या मांडवातच विचारून पाहा.

ऐकण्याची शक्ती बहुधा उशिरापर्यंत राहते. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० साली मरणोन्मुख, प्रतिसाद न देणाऱ्या रुग्णांच्या मेंदूची तपासणी करून दाखविले की, आवाजाला त्यांच्यापैकी काहींचा मेंदू प्रतिसाद देत होता. म्हणून खाटेपाशी दवाखान्याच्या बिलाविषयी बोलू नये. पंचाक्षरी म्हणावी, परमरहस्याच्या ओव्या म्हणाव्यात किंवा नुसते ‘आम्ही येथे आहो’ म्हणावे.

वेदनेविषयी एक शब्द. कर्करोगाच्या वेदनेवर मॉर्फिनची गोळी हे उत्तम औषध आहे आणि ते महाग नाही. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यामुळे ते मिळणे फार दुष्कर झाले होते; २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन मान्यताप्राप्त संस्थांना ते ठेवणे सोपे झाले. तरीही लोक भितात. व्यसन लागेल म्हणतात. ज्याच्या हाती महिनाभर उरला आहे त्याला व्यसन लागून काय होणार? माणूस लवकर मरेल म्हणतात. योग्य मात्रेत दिल्यास तसे होत नाही. बद्धकोष्ठ मात्र होतो, म्हणून सोबत रेचक द्यावे लागते, हे लक्षात ठेवावे. वेदना सोसणे हे पुण्य आहे, असे कोणत्याही शरणाने सांगितल्याचे माझ्या वाचनात नाही.

आणि खरे सांगणे. ‘आप्पांना काही सांगू नका’ असे प्रत्येक घरी म्हणतात. आप्पांना बहुधा सर्व ठाऊक असते. ते मुलांना वाईट वाटेल म्हणून गप्प असतात. मुले आप्पांसाठी गप्प, आप्पा मुलांसाठी गप्प. एका घरी मी ह्यात चुकले, तेही सांगते. रोग्याने मला विचारले नव्हते. मीच आपल्या शहाणपणाने बोलून गेले की आता दिवस थोडे आहेत, कोणाला भेटावयाचे असेल तर बोलवा. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरविले आणि नंतर माझ्याशी बोलले नाहीत. त्यांच्या मुलाने मला दुसऱ्या दिवसापासून येऊ नका म्हटले. ते बरोबरच होते. तेव्हापासून मी एवढेच विचारते, “तुम्हाला स्वतःला कसं वाटतंय?” आणि गप्प बसते. ज्याला बोलावयाचे असते तो बोलतो.

कायद्याची एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नाही. बरे होण्याची आशा संपल्यावर कृत्रिम उपायांनी आपणांस जिवंत ठेवू नये, अशी इच्छा माणसाला आधीच लिहून ठेवता येते. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी हा हक्क मान्य केला आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची रीत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी ह्यांच्यासमोर सही केली की पुरे. ह्यात कोणी कोणास मारीत नाही. शेवटचा निर्णयही डॉक्टरांची मंडळेच तपासून घेतात. मी माझा कागद करून ठेवला आहे. मुलगा सहा महिने रागावला होता.

आता माझी विनंती. मंडळाने तालुक्यातील प्रत्येक मोठ्या गावातून दोन स्त्रिया आणि दोन पुरुष निवडावेत. पुरुष मुद्दाम म्हणते. हे काम बायकांवर टाकून मोकळे होण्याची सवय आपणांस आहे आणि वृद्ध पुरुषाला कूस बदलताना पुरुषाची लाज कमी वाटते. त्यांना आठ-दहा दिवस शिकविण्याचे काम मी करीन. राष्ट्रीय उपशामक सेवेचा कार्यक्रम केंद्र सरकारने २०१२ साली आखलेला आहे. त्यात आपल्या जिल्ह्यासाठी काय आहे, ह्याची चौकशी मंडळाने जिल्हा रुग्णालयात जाऊन करावी. शिक्षकापेक्षा पदाधिकाऱ्यास तेथे लवकर उत्तर मिळते.

काही नियम मात्र कडक हवेत. सोबतीने औषधाची मात्रा स्वतः बदलू नये. मृत्युपत्रावर साक्षीदार होऊ नये. अंगावरील दागिन्यांस हात लावू नये. जमिनीचा शब्द निघाला की उठून अंगणात जावे. ऐकलेले कोठे बोलू नये. घरच्यांनी बोलाविल्याशिवाय जाऊ नये, नाहीतर ‘मरणाची बाई दारात आली’ असे लोक म्हणतील, आणि त्यात त्यांचे फारसे चुकणार नाही.

आणखी एक, जे ह्या व्यासपीठावरून बोलताना मला थोडा संकोच वाटतो. हे काम आपल्या समाजापुरते राहू नये. आमच्या आत्याबाई गल्लीतल्या सर्वांच्या घरी गेल्या. मोमीनांच्या घरीही गेल्या आणि वेशीपलीकडच्या वस्तीतही गेल्या. तेव्हा काहींनी नाके मुरडली होती. पाच सूतकांत जातीचेही सूतक आहे, आणि तेही आपल्याला नाही. मंडळाला हे मान्य नसेल, तर मंडळाने आपल्या नावाने हे करू नये. मी आहे तशीच जात राहीन.

कपिलधारच्या पदयात्रेला आपण कार्तिकात जातो. दिंडीत एखादा म्हातारा मागे पडला की कोणी न सांगता एक तरुण मागे थांबतो. तो म्हाताऱ्याला उचलून घेत नाही, घाईही करीत नाही. त्याच्या पावलाने चालतो. दिंडी पुढे मुक्कामाला पोहोचते, अंधार पडतो, तरी हे दोघे येतच असतात. मला असे चार जण प्रत्येक गावातून हवे आहेत.

व्याख्यान संपल्यावर मी मांडवाच्या मागल्या बाजूस, पाण्याच्या टाकीजवळ वही घेऊन बसणार आहे. ज्यांना नाव द्यावयाचे आहे त्यांनी तेथे यावे. घरी विचारून उद्या सांगतो म्हणणाऱ्यांनीही यावे; त्यांचीही वेगळी यादी मी करणार आहे.